रिकामा फेरा

१

आग्र्याच्या डॉक्टरी शाळेतून परतताना गोदाला वाटलं होतं, कल्याणात आपल्याला बंद दारं भेटतील. पाच वर्षं तिनं त्याचीच तयारी केली होती. सोळाव्या वर्षी विधवा झालेली, बापाच्या हट्टानं परमुलखात जाऊन मुडदे चिरायला शिकलेली बाई! तिला बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा कोण ओलांडू देणार? लोक तोंडं फिरवतील, अंगावर शेण येईल, येईना का. आगगाडीच्या खिडकीशी बसून तिनं मनाशी भाषणं रचली होती आणि त्यातली काही खरोखरच चांगली होती.

प्रत्यक्षात दारं सताड उघडी मिळाली. मरण उशाशी बसलं की माणूस सोवळंओवळं बघत नाही. शहाडहून, खाडीकाठच्या कोळीवाड्यातून, मिठागरांच्या वस्तीवरून माणसं धापा टाकत येत, ओसरीवर हात जोडून उभी राहत आणि म्हणत, "बाय, चला." भाषणं तशीच राहून गेली.

वैर धरलं ते रस्त्यानं. पहिल्या तीन महिन्यांत चार घरी ती पोचली तेव्हा रडणं सुरू झालेलं होतं. पायी जावं तर दोन तास, बैलगाडीनं जावं तर दीड, आणि हाडं खिळखिळी होतात ती वेगळीच. चौथ्या घरी एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "घटकाभर आधी आली असतीस तर पोर तुला बघून हसली असती गं."

त्या दिवशी गोदा जेवली नाही. तिचे वडील, त्यांना सगळं गाव भाऊ म्हणे, कचेरीतून निवृत्त झालेले. ते पाटाशेजारी बसून म्हणाले, "माजिवड्याला एका बंगल्यामागं जुनं घोड्याचं शिग्राम पडून आहे. मालक विलायतेला गेला. पेटी सागवानी आहे, कमानी शाबूत आहेत. चाकं तेवढी वाळवीनं खाल्लीत."

"चाकं करता येतील," गोदा म्हणाली आणि ताट ओढून घेतलं.

२

शिग्रामाची पेटी मचव्यात घालून खाडीनं कल्याणला आणली आणि काळुरामच्या मांडवात उतरवली. काळुराम चाकं करायचा; लाकूडही तोच तासायचा आणि लोखंडही तोच तापवायचा. साठीचा, एका कानानं बहिरा, त्यामुळे सगळ्या जगाशी ओरडून बोलणारा माणूस. डॉक्टरीणबाई वही आणि फूटपट्टी घेऊन चाकं निवडायला आली म्हणताना त्यानं आधी तोंडावर पंचा धरून हसून घेतलं.

"बाय, नाडी बघाला पट्टी लागते काय?"

"तुझी जीभ मोजायला लागेल," गोदा म्हणाली. "मागची चाकं केवढी करतोस?"

त्यानंतर मात्र तो हसला नाही. कारण बाईला कळत होतं. मागची चाकं मोठी असली की खड्डा लहान होतो, पण पेटी उंच जाते आणि अवघडलेल्या बाईला गाडीत चढवता येत नाही. पुढची लहान हवीत, नाहीतर वळणावर ती पेटीला घासतात. जुना आस, दोन चाकांमधला दांडा, तसाच ठेवायचा तर चाकाच्या मधला तुंबा त्यालाच बेतून कोरायला हवा; केसभर सैल राहिला तर चाक डुलतं, केसभर घट्ट झाला तर जळतं. तिनं आसाची जाडी दोन्ही टोकांना मोजली, तेव्हा डावं टोक किंचित झिजलेलं निघालं. काळुरामनं ते बोटानं चाचपलं आणि नुसतं "हूं" म्हणाला.

खरा वाद झाला तो धावेवरून. चाकावर चढवायची लोखंडी पट्टी, ती धाव. किती रुंद घ्यायची?

"दोन बोटं," काळुराम ओरडला. "सगले दोन बोटी घालतात. हलकी पलते."

"खडीच्या रस्त्यावर पळते. मला खाडीच्या बांधावरून जायचंय. चिखलात दोन बोटांची धाव सुरीसारखी रुतेल. तीन बोटं घाल."

"तीन बोटांचं शिग्राम ह्या मुलखात कुणाचं नाय."

"मग माझं पहिलं."

गाडीवान म्हणून ठेवलेला धाकू, आगरी गावातला थोराड माणूस, बाजूला बसून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "घाल रे म्हाताऱ्या. घोडी मी हाकणार हाय, तू नाय."

बाभळीचे तुंबे, खैराचे आरे अशी चारी चाकं महिनाभरात उभी राहिली. मागच्या डाव्या चाकाची धाव जोडताना काळुरामचा घण चुकला आणि जोडावर एक आडवी-तिडवी फुली उमटली. तो चारचौघांत शरमला. पुन्हा तापवतो म्हणाला.

"राहू दे," गोदा म्हणाली. "माझी गाडी मला रस्त्यावर ओळखू येईल."

आणि तसंच झालं असतं. चाकाचा घेर नऊ हात. म्हणजे धुळीत दर नऊ हातांवर एक फुली उठणार, आणि कडक जमिनीवर दर नऊ हातांना एक बारीकसं टक्.

३

धाव चढवायचा दिवस. सकाळी अंगणात गोवऱ्यांचं रिंगण पेटलं होतं, त्यात चारी धावा लाल होत होत्या. सांडशींनी धरून एकेक धाव चाकावर बसवली, लाकडानं चर्र करून धूर सोडला, घणांचे ठोके पडले आणि लगेच पाण्याच्या घागरी ओतल्या. गार होताना लोखंड आवळत गेलं, आणि चाकाचे सगळे सांधे एकापाठोपाठ एक कुरकुरून गप्प झाले. गोदाला ते फार आवडलं. कुठं खिळा नाही, काही नाही. नुसतं माप बरोबर, म्हणून लोखंड लाकूड सोडत नाही.

चाकं लागली. घोडी जुंपली. गोदा पायरीवर पाय ठेवणार तोच काळुरामनं हात आडवा केला.

"आता नाय. आधी रिकामा फेरा."

"म्हणजे?"

"नवी धाव पहिल्यांदा रिकामी फिरवाची. दुर्गाडीच्या किल्ल्यापर्यंत आणि मागारी. घोडी नुसती लगाम धरून चालवाची. आत कुणी बसाचं नाय. मग माणूस."

"का?"

"का काय? करतात."

तेवढ्यात शहाडचा परशुराम पळत आला. त्याची बायको शालू कालपासून अडली होती. त्याच्या तोंडातून नीट शब्द फुटत नव्हते.

गोदा गाडीत चढली. काळुरामनं मागचं डावं चाक दोन्ही हातांनी धरलं. लोखंड अजून कोमट होतं.

"बाय, घटकाभर! घटकाभराचं काम हाय!"

"घटकाभरात बाई मरते, काळुराम," ती म्हणाली. "धाकू, हाक."

चाक म्हाताऱ्याच्या हातातून सुटलं. अर्ध्या तासात ती शहाडला पोचली. मूल आडवं आलं होतं. दुपारपर्यंत शालू जगली, मुलगी जगली, आणि परशुराम भिंतीशी उकिडवा बसून लहान पोरासारखा हुंदके देत होता. परत येताना गोदा गाडीत एकटीच मोठ्यानं हसली. तिच्या आयुष्यात इतकी बरोबर बसलेली गोष्ट दुसरी नव्हती.

४

पंधरा-वीस दिवस तसेच गेले. मग एका सकाळी कोळीवाड्यातून निरोप आला. सखुबाईच्या जावेला, आवडाबाईला, ताप होता. तो उतरला होता, सकाळी ती पेज प्याली होती, तरी एकदा बघून जा, एवढंच.

कोळीवाड्याला जाणारा बांध भरतीला पाण्याखाली जातो आणि ओहोटीला वर येतो. पाणी उतरून थोडाच वेळ झाला होता. चिखल आरशासारखा सपाट, त्यावर खेकड्यांच्या रेघासुद्धा उठल्या नव्हत्या.

धाकूनं घोडी थांबवली.

"काय झालं?"

"चाकोरी हाय, बाय."

गोदा खाली उतरली. गाडीच्या पुढं, बांधावर, दोन चाकोऱ्या सरळ कोळीवाड्याकडे गेल्या होत्या. तीन बोटं रुंद. डावीकडच्या चाकोरीत फुली होती. तिनं नऊ हात मोजले. तिथं दुसरी फुली.

"कालच्या असतील," ती म्हणाली.

"काल आपण इकडं नाय आलो," धाकू म्हणाला. "आणि रात्री पानी येऊन गेलाय."

चाकोऱ्या जाणाऱ्या होत्या. येणाऱ्या कुठंच नव्हत्या. घोडीच्या टापाही नव्हत्या. पण चिखल आहे, टापा भरून येतात, असं गोदानं स्वतःला सांगितलं. चाकोरी भरून येत नाही आणि टाप तेवढी येते, हे कसं, ते मात्र तिनं विचारलं नाही.

सखुबाईच्या अंगणात माणसं जमली होती. आवडाबाई गेली होती. आताच, अजून कोमट होती.

"चांगली बोलत व्हती गं बाय," सखुबाई म्हणाली. "बोंबील कुठं वाळत घातलेस म्हणून मना इचारत व्हती. तेवढ्यात तुमची गाडी वाजली. आमी समदी दार उघडून भायेर आलो, तं गाडीच नाय. मागारी फिरलो, तं ही अशी."

गोदानं आवडाबाईचे डोळे मिटले. हृदयात रक्ताची गाठ अडकली असेल. असं होतं. पुस्तकात आहे.

५

बुद्धी असलेल्या माणसानं जे करावं ते तिनं सगळं केलं. आधी काळुरामला विचारलं, तीन बोटांची धाव आणखी कुणाला करून दिलीस का? "नाय," तो म्हणाला, "तेवढी अक्कल फक्त तुमाला." मग संध्याकाळी गाडी परसातल्या छपराखाली लावून तिनं चारी चाकांच्या आऱ्यांतून सुतळी ओवली आणि गाठींवर लाख लावून आपल्या अंगठीचा ठसा मारला. सकाळी ठसे जसेच्या तसे होते. मिठागराच्या रस्त्यावर चाकोरी मात्र होती, आणि तिच्या टोकाला तिसऱ्या दिवशीची बाळंतीण, नुकतीच गेलेली.

एकदा तिनं वाट बदलली. शेतातून, बांध फोडून गेली. पिकाच्या खुंटांत दोन रेघा आधीच दबलेल्या होत्या.

एकदा ती गाडी न नेता पायीच गेली, तापानं फणफणलेल्या एका मुलाकडे. घर हाकेवर आलं, वाट पुढं चिंचेच्या मागं वळत होती. तिथं, वळणापलीकडे, तिनं चाकांचा आवाज ऐकला. सावकाश, कसलीही घाई नसलेला. दर नऊ हातांना टक्. ती चपला टाकून धावली. वळणावर पोचली तेव्हा दार उघडण्याचा आवाज झाला आणि अंगणात माणसं उभी होती. रस्ता मोकळा होता. ती जोरात ओरडली, "आत जा! आत जा!" पण का, हे तिचं तिलाच सांगता आलं नाही, आणि लोक तिच्याकडे बघत राहिले. आत मूल गेलेलं होतं.

मग ती काळुरामकडे गेली आणि म्हणाली, जोडावरची फुली घासून काढ. त्यानं दुपारभर कानस चालवून धाव गुळगुळीत केली. दुसऱ्या दिवशी बांधावरच्या चाकोरीत फुली होती. गोदानं खाली वाकून आपलं चाक पाहिलं: साफ. चिखल पाहिला: फुली.

"तुझा तो फेरा," ती काळुरामला म्हणाली. मान खाली घालून, कारण शरम वाटत होती. "आता करू या. मी स्वतः लगाम धरते."

म्हातारा जवळ आला. मग पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "पयला असतो तो, बाय. दुसरा पयला कुठून आणाचा? रिकाम्याचा फेरा रिकाम्यानं करावा लागतो. तुमी बसून गेलाव. आता ती आपला आपण करते हाय."

"कोण ती?"

त्यानं बहिरा कान तिच्याकडे केला आणि तो तासणी उचलून कामाला लागला.

तरी तिनं फेरा केला. भर दुपारी, दुर्गाडीपर्यंत, रिकाम्या गाडीचा लगाम धरून. लोक हसले. भाऊ ओसरीवरून बघत होते. ते हसले नाहीत. काही बदललं नाही.

६

चैत्र लागला, आणि शहाडहून माणूस आला. शालूला दोन दिवस ताप आहे.

पोर दोन महिन्यांची होती. गोदानं औषधांची पेटी उचलली आणि धाकूला म्हणाली, "घोडी मेली तरी चालेल."

"माझी घोडी मरत नाय," धाकू म्हणाला, पण त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं चाबूक ओढला.

सकाळचं ऊन होतं, रस्ता कोरडा. चाकोरी पुढं पळत होती: फुली, फुली, फुली. गोदा खिडकीतून अर्धी बाहेर लोंबली होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. त्या बाईला मी एकदा ओढून आणलंय, माझ्या या हातांनी. ती मी देणार नाही. शहाडच्या अलीकडे रस्ता उताराला लागून आंबराईला वळसा घालतो. तिथं धूळ उडालेली दिसली. नुकती, अजून न बसलेली.

"गाठली!" धाकू ओरडला.

धुळीत, वळणावर, एका शिग्रामाची पाठ दिसली. तेवढीच. सागवानी पेटी, सोडलेला पडदा, मागचं डावं चाक. ते वळताना धावेवर ऊन चमकलं. गाडीवानाची जागा रिकामी होती. आणि गाडी वळताना गोदाला दिसलं की पेटी एका बाजूला कलली आहे. डाव्या बाजूची कमान दबलेली होती. आत कुणी बसलं की दबते तशी. गोदा नेहमी डावीकडेच बसायची.

मग आंबे आडवे आले.

परशुराम अंगणात उभा होता. त्याची आई शेजारी, शेजारच्या दोघी बायका, सगळे रस्त्याकडे तोंड करून.

"गाडी वाजली, बाय," परशुराम म्हणाला. "मघाशी वाजली. आमाला वाटला तुमीच आयलाव. मी म्हटला दार उघडा, दार उघडा, बाय आयली."

"आत कोण आहे?" गोदा म्हणाली.

 आत फक्त पोर रडत होती.

शालू भिंतीकडे तोंड करून पडली होती. एक हात मात्र मागं, घोंगडीच्या काठापाशी, उपडा. जणू कुणाच्या तरी हातात तो नुकताच होता. घोंगडीचा तो काठ खोलगट दबला होता. गोदा बघत असताना त्यातली एक घडी हळूच वर आली आणि सपाट झाली.

तिनं नाडी धरली. खूप वेळ धरली. परशुरामच्या आईनं येऊन तिची बोटं सोडवली.

संध्याकाळपर्यंत ती तिथंच उंबऱ्यावर बसून होती. आवडाबाई, मिठागराची बाळंतीण, ते मूल, शालू. प्रत्येक घरी गाडी वाजली. प्रत्येक घरी सगळी माणसं आनंदानं उठली आणि दार उघडायला धावली. आणि तेवढ्या वेळात, चार-दोन श्वासांच्या वेळात, जो पडलेला होता त्याच्यापाशी कुणी नव्हतं.

कुणी नव्हतं, असं म्हणायचं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसात आली. शिग्राम छपराखाली उभं होतं. रात्री चाकांत पुन्हा ओवलेली सुतळी शाबूत होती, लाख शाबूत होती. फाटकापासून बाहेर, रात्रीच्या दवानं बसलेल्या धुळीत, चाकोरी निघाली होती. अजून कुणाकडून निरोप आला नव्हता.

धाकू घोडीला चारा घालत होता. "खाडीत ढकलू या, बाय," तो म्हणाला. "मी एकला ढकलीन."

"पायी गेले तेव्हाही वाजली होती, धाकू."

त्यानं उरलेला चारा घोडीपुढं टाकला.

"आज जुंपू नकोस. उद्याही नको. तू मिठागराकडे जा, मग शहाडला. घरोघर सांग. डॉक्टरीणबाईची गाडी वाजली तर उठायचं नाही. दार लावून घ्यायचं आणि आजाऱ्याचा हात सोडायचा नाही. कुणीही हाक मारली तरी."

"आणि तुमी?"

"मी पायी. पूर्वीसारखी."

म्हणजे दोन तास. म्हणजे उशीर. दोघांनाही ते कळलं. भाऊ ओसरीवर उभे होते. त्यांनी आतून तिची छत्री आणून दिली.

ती चाकोरीच्या कडेकडेनं चालत गेली. चाकोरी बांधावर वळली तेव्हा तीही वळली. कोळीवाड्यात ती सखुबाईच्या दारात संपली होती. सखुबाईनं दार उघडलं. आत चुलीपाशी तिची नात मालू गोधडीत पडली होती, गाल लाल.

"बरी आयलीस गं, माणूस धाडणारच व्हते. ये, आत ये."

गोदा उंबऱ्याबाहेरच थांबली. जे सांगायचं ते तिनं थोडक्यात सांगितलं. सखुबाई ऐकत होती, हात नातीच्या कपाळावर.

"पर मग तू खरी आयलीस, ते आमी वळखायचं कसं?"

गोदानं तोंड उघडलं. आग्र्याहून येताना रचलेली सगळी भाषणं तिला आठवली. उघडा, दार उघडा, म्हणणारी.

"ओळखायचंच नाही," ती म्हणाली.

तेव्हा मागं, गल्लीच्या तोंडाशी, चाकं वाजली. सावकाश. टक्. थोड्या वेळानं पुन्हा टक्.

सखुबाईनं आवाज ऐकला. गोदाच्या तोंडाकडे पाहिलं, वरून खालपर्यंत पाहिलं, पायांकडे पाहिलं. मग तिनं मालूला छातीशी ओढून घेतलं आणि पायानं दार लोटलं. आतून अडसर पडला.

गोदा दाराला पाठ लावून बसली. तिनं छत्री मांडीवर आडवी धरली आणि डोळे मिटले. आत मालूला खोकला आला. तो ऐकू येत राहील तोवर इथून हलायचं नाही, तिनं ठरवलं.